बाहत्तर धागे, चार रंग

१९०७ साली ऑरेल स्टाइन हा संशोधक चीनच्या वायव्येला, तुन्हुआंगच्या बौद्ध लेण्यांत पोचला. तिथली, आता सतरावं लेणं म्हणून ओळखली जाणारी एक लहानशी खोली कित्येक शतकं भिंत घालून बंद केलेली होती, आणि आत हजारो गुंडाळ्या थप्पीनं रचलेल्या होत्या. त्यांतलीच एक म्हणजे इसवी सन ८६८ मध्ये लाकडी ठशांनी छापलेलं ‘वज्रसूत्र’. ज्याच्यावर छपाईची तारीख आहे असं जगातलं हे सर्वांत जुनं पुस्तक. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्याच खोलीतून निघालेल्या दुसऱ्या एका कागदाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. तो साधारण नवव्या शतकातला आहे, सोग्डी लिपीत हातानं लिहिलेला, आणि त्याच्यावर ‘अशेम वोहू’ ही झरथुष्ट्री प्रार्थना आहे. अवघ्या बारा शब्दांची. मुंबई-पुण्यातल्या पारशी घरातलं मूल आज जी प्रार्थना अगदी लहानपणी पाठ करतं, तीच. अवेस्ता या झरथुष्ट्री धर्मग्रंथातल्या कुठल्याही मजकुराचा याहून जुना लेखी पुरावा आजवर सापडलेला नाही. बाकीची हस्तलिखितं त्याच्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी सुरू होतात.

जगातलं सर्वांत जुनं तारीखवार छापील पुस्तक आणि अवेस्तेचा सर्वांत जुना कागद, दोन्ही एकाच अंधाऱ्या खोलीत शेजारीशेजारी पडून राहिले होते. आज दोन्ही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ‘अशेम वोहू’चा तो कागद २०१३ साली लंडनमधल्या एका प्रदर्शनात मांडला गेला. सोलापुरात राहून मला तो दिसला तो त्या प्रदर्शनाच्या छापील कॅटलॉगमुळे. तेव्हापासून या प्रकारच्या ग्रंथांनी मला जे वेड लावलंय, त्याबद्दल हे लिहितो आहे.

झरथुष्ट्री संस्कृतीच्या वाट्याला पांगापांग पहिल्यापासून आली. प्रार्थना सापडते चीनमध्ये, शिलालेख इराणात, नाणी मध्य आशियात, हस्तलिखितं लंडन आणि कोपनहेगनला. रेशीम कँटनचं आणि ते नेसणारी माणसं मुंबईतली. महाराष्ट्रातली एक फार जुनी खूणही अशीच परक्या घरी आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत पहलवी लिपीत काही नावं कोरलेली आहेत. इसवी सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये लेणी पाहायला आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी ती तारखेसकट कोरून ठेवली. तीही बौद्ध लेण्यातच! हजार वर्षांपूर्वी सालसेतच्या डोंगरात सहलीला आलेली ही माणसं कोण, कुठून आली, हे त्या ओळी सांगत नाहीत. नावं आणि दिवस मात्र लख्ख आहेत.

२०११ च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ पारशी मोजले गेले, त्यांतले ४४,८५४ महाराष्ट्रात. आपल्या सोलापूरच्या दोन-चार पेठा मिळून होईल एवढी ही वस्ती, आणि तिचा वारसा जगभरच्या कपाटांत विखुरलेला. प्रदर्शन त्या वस्तूंना काही आठवड्यांपुरतं एका छताखाली आणतं. मुदत संपली की पेट्या भरल्या जातात, विमे मिटतात, ज्याची वस्तू त्याच्याकडे परत जाते. त्यानंतर त्या सगळ्या एकत्र राहतात त्या फक्त कॅटलॉगात. म्हणून मला हा ग्रंथ प्रदर्शनाची आठवण वाटत नाही, तर त्या वारशाची कायमची जागा वाटते.

हे ग्रंथ कसे निघाले ते थोडक्यात सांगतो. सुरुवात २००२ साली झाली म्हणता येईल. फिरोझा गोदरेज आणि फिरोझा पंथकी मिस्त्री यांनी संपादित केलेला ‘अ झोरोस्ट्रियन टॅपेस्ट्री’ हा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ त्या वर्षी अहमदाबादच्या मापिन प्रकाशनानं काढला. तो कॅटलॉग नव्हे, पण पुढच्या सगळ्या कॅटलॉगांचा तो मोठा भाऊ. मग २०१३ च्या ऑक्टोबरात लंडन विद्यापीठाच्या सोअॅस या संस्थेतल्या ब्रुनाई गॅलरीत ‘द एव्हरलास्टिंग फ्लेम’ हे प्रदर्शन भरलं आणि त्याच नावाचा, सारा स्टुअर्ट यांनी संपादित केलेला ग्रंथ निघाला. त्याच हिवाळ्यात मुंबईत जागतिक झरथुष्ट्री परिषद होती. त्या निमित्तानं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत कँटन ते मुंबई या रेशमी प्रवासावरचं ‘अॅक्रॉस ओशन्स अँड फ्लोइंग सिल्क्स’ आणि पारशी चित्रकार-शिल्पकारांवरचं ‘नो पारसी इज अॅन आयलंड’ अशी दोन प्रदर्शनं लागली. पहिलं गोदरेज आणि मिस्त्री यांचं, दुसरं रणजित होस्कोटे आणि नॅन्सी अदजानिया यांचं. ज्या इमारतीत ती लागली, तो सर कावसजी जहांगीर हॉल १९११ साली पारशी दानातूनच उभा राहिला होता. २०१६ च्या मार्चमध्ये हा सगळा मेळा दिल्लीला गेला. ‘एव्हरलास्टिंग फ्लेम’ राष्ट्रीय संग्रहालयात, आणि शेरनाझ कामा यांच्या पारझोर संस्थेचं ‘थ्रेड्स ऑफ कंटिन्युइटी’ इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात. प्रत्येकामागे पुस्तक होतं.

आता कॅटलॉग म्हणजे नेमकं काय, ते बघू. आपण साडीच्या दुकानातला कॅटलॉग डोळ्यांपुढे आणतो आणि तिथंच थांबतो. संग्रहालयाच्या कॅटलॉगात पुढच्या भागात अभ्यासकांचे लेख असतात, पण त्याचा खरा जीव असतो मागच्या नोंदींत. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, मग ती कुठली, केव्हाची, कशाची केलेली, किती सेंटिमीटर उंच आणि रुंद, कुणाच्या मालकीची, आणि त्या मालकाच्या वहीतला दाखल क्रमांक. हा दाखल क्रमांक वाचक सहसा सोडून देतात. मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो हाताशी असला की उद्या कुणीही सोलापुरातून, नागपुरातून किंवा तेहरानमधून त्या संस्थेला पत्र लिहून अमुक वस्तूबद्दल विचारू शकतो. प्रदर्शनातल्या काचेला हे जमत नाही.

काचेला आणखी एक गोष्ट जमत नाही, आणि ती कळली तेव्हा मी थक्क झालो. जुनं रेशीम उजेडात मरतं. रंग उडतात, धागा ठिसूळ होतो, आणि एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून संग्रहालयं कापडावर साधारण पन्नास लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. आपल्या कचेरीत तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो, आणि सोलापूरच्या उघड्या उन्हात लाखभर. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा पारशी गारा, भरतकामाची रेशमी साडी, प्रदर्शनात पाहणाऱ्याला तो संधिप्रकाशातच दिसतो, तोही काही महिने, आणि मग ते वस्त्र पुन्हा अंधारात विश्रांतीला जातं. छायाचित्रकाराला मात्र थोडा वेळ नीट प्रकाश वापरू दिला जातो. तेवढ्या वेळात टिपलेला रंग छापून झाला की वाचक तो खिडकीशी, गच्चीवर, वाटेल त्या उजेडात तासन् तास पाहू शकतो. ज्या उन्हात तो गारा एके काळी लग्नाला मिरवला गेला, त्या उन्हात तो आता फक्त पानावरच पाहता येतो.

गाऱ्याचं एक पान उघडा. जांभळ्या, गडद तांबड्या नाहीतर काळ्या दाट चिनी रेशमावर पांढऱ्या आणि फिक्या रेशमी धाग्यांचं भरतकाम. शेवंती, पिओनी, बगळे, पूल, छोटी देवळं, छत्री घेतलेली माणसं. नक्षी चिनी, पण तिला पारशी बायकांनी आपली नावं दिली. छत्री घेतलेल्या माणसांची नक्षी ती ‘चीना-चीनी’, कोंबडा-कोंबडीची ‘मरघा-मरघी’, चिमण्यांची ‘चकला-चकली’, आणि गोल ठिपक्यांची ‘कांदा-पपेटा’, म्हणजे सरळ कांदा-बटाटा. एक टाका असतो ‘खाखो’ नावाचा. धाग्याची बारीक गाठ मारून, बीसारखी एकेक गाठ एकमेकीला चिकटवून फुलाची पाकळी भरायची. साध्या डोळ्यांना तिथं नुसता मखमली पोत दिसतो. कॅटलॉगवाले शहाणे असतील तर त्या पाकळीचा एखादा इंच पानभर मोठा करून देतात, आणि मग दिसतं की हे मखमल नाही, या शेकडो गाठी आहेत आणि त्यांतली एकही शेजारणीपेक्षा मोठी नाही.

इथं सोलापूरकराच्या हाताशी एक हत्यार असतं. सूतगिरणीत, यंत्रमागाच्या कारखान्यात कापडाची वीण मोजायला एक घडीचं भिंग वापरतात. पितळी किंवा पत्र्याचं, तीन पात्यांचं, तळाला बरोबर एक इंचाची चौकट. कापडावर ठेवायचं आणि इंचात ताण्याचे किती धागे, बाण्याचे किती, ते सुईनं मोजायचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही मास्तराच्या खिशात ते निघेल. गंमत अशी की छापखान्यातही हेच भिंग असतं. मुंबईच्या, दिल्लीच्या, लंडनच्या कुठल्याही चांगल्या प्रेसमध्ये मशीनवरून उतरलेला पहिला कागद तपासणारा माणूस खिशातून हीच घडी काढतो. मूळ हे कापडवाल्यांचं. छपाईवाल्यांनी ते उचललं, कारण त्यांनाही एका इंचात काहीतरी मोजायचंच होतं.

त्यांना मोजायचे असतात ठिपके. रंगीत छपाईत शाई चारच रंगांची असते: सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. गाऱ्याचा तो गडद जांभळा रंग छापखान्यात कुठल्या डब्यात नसतो. चार रंगांचे लहानमोठे ठिपके शेजारीशेजारी पडतात आणि जांभळा रंग आपल्या डोळ्यात तयार होतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला सहसा दीडशे ते पावणेदोनशे ओळी ठिपक्यांच्या असतात. चारही रंगांच्या जाळ्या एकाच दिशेनं पडल्या तर चित्र मळतं, म्हणून प्रत्येकीला वेगळा कोन दिलेला असतो. काळीला ४५ अंश, मॅजेंटाला ७५, सायनला १५, पिवळीला शून्य. भिंगातून पाहिलं तर हे चार रंगांचे ठिपके फुलाच्या आकारात बसलेले दिसतात. खालच्या रेशमावर भरलेलं फूल वेगळं, छापखान्याचं हे फूल वेगळं.

आणि इथंच कापडाची खोडी सुरू होते. कापडाला स्वतःची जाळी असतेच, ताणा आणि बाणा. तिच्यावर ठिपक्यांची जाळी पडली आणि दोन्हींचा बारकावा जवळपास सारखा निघाला की त्यांच्या भांडणातून तिसरीच एक लाटांची नक्षी पानावर उमटते, जी ना गाऱ्यात असते ना शाईत. छापखान्यात तिला मोआरे म्हणतात. चेहऱ्यांची, डोंगरांची, देवळांची चित्रं छापताना हा त्रास क्वचितच होतो. कापडाच्या कॅटलॉगला तो हमखास होतो. मग जाळीचा कोन बदला, चित्राचं माप किंचित कमीजास्त करा, नाहीतर जाळीच सोडून द्या आणि बारीक ठिपके विखरून टाका, असे उपाय करावे लागतात. काळ्या गाऱ्याचा प्रश्न आणखी निराळा. नुसत्या काळ्या शाईनं छापला तर तो कोळशासारखा मेलेला दिसतो. म्हणून काळ्याखाली थोडा सायन, थोडा मॅजेंटा देऊन त्याला खोली आणायची. पण शाई जास्त झाली की काळ्या पार्श्वभूमीतली बारीक वीण बुडून जाते आणि गारा काळ्या कागदावर चिकटवलेल्या पांढऱ्या फुलांसारखा दिसतो. चांगल्या कॅटलॉगाची माझी परीक्षा हीच आहे. काळ्या भागावर भिंग ठेवायचं. तिथं धागा दिसला तर छापणाऱ्यानं कापडाचा मान राखला.

रेशमाची चमक मात्र कुणालाच पुरती पकडता आलेली नाही. सपाट टाक्यात बिनपिळाचा धागा एका दिशेनं पडतो, आणि त्याच्यावरचा प्रकाश बघणाऱ्याच्या पावलागणिक सरकतो. बगळ्याचा पंख डावीकडून पांढरा, उजवीकडून करडा. कागदाला एकच बाजू असते. छायाचित्रकार एका अंगानं तिरपा उजेड टाकून पंखाचा उठाव दाखवतात, त्यावर समाधान मानावं लागतं.

भरतकामानं भरलेल्या गाऱ्यापुढे कुस्ती, म्हणजे पारशी लोक कमरेला बांधतात ती पवित्र दोरी, अगदी साधी दिसते. पांढुरकी, बोटभरही रुंद नसलेली लोकरीची दोरी. सदऱ्यावरून कमरेला तीन वेढे घ्यायचे, पुढे-मागे गाठी मारायच्या. प्रदर्शनाच्या काचेत ती ठेवली तर माणूस दोन सेकंदांत पुढे सरकतो. पण विणकरांच्या गावातल्या माणसाला तिच्यापुढून हलता येणार नाही. कोकराच्या लोकरीचं बारीक सूत, ताण्याला बाहत्तर धागे. यस्न या उपासनाग्रंथाचे अध्याय बाहत्तर, म्हणून धागेही तितकेच. जंतर नावाच्या छोट्या लाकडी मागावर हा ताणा सलग फिरवलेला असतो आणि त्याच्यावर पोकळ नळी विणत जायची. विणून झाली की धर्मगुरू प्रार्थना म्हणून ती कापतो. मग सुईनं ती अख्खी नळी आतून बाहेर उलटी करायची, म्हणजे शिवणीचा मागमूस राहत नाही. दोन्ही टोकांना तीन-तीन गोंडे, प्रत्येकात चोवीस धागे. परंपरेनं हे काम धर्मगुरूंच्या घराण्यातल्या बायका करत आल्या, आणि त्यात नवसारीचं नाव मोठं.

सोलापुरी चादर ज्यानं विणली आहे त्याला इथं लगेच काहीतरी ओळखीचं दिसेल. एका अंगाला लाल फूल आणि पांढरी जमीन, उलटवली तर पांढरं फूल आणि लाल जमीन, ही करामत दोन थर एकत्र विणून आणि नक्षीच्या जागी त्यांची अदलाबदल करून साधते. दोन थर एकाच मागावर विणायचे आणि फक्त कडेला जोडायचे, की मिळते नळी. कुस्तीचं तंत्र याच कुळातलं आहे. जॅकार्डच्या भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा आपला यंत्रमाग आणि मांडीपुढे ठेवलेला नवसारीचा जंतर, दोघं एकच कोडं सोडवत बसलेले असतात. पारझोर संस्थेनं १९९९ पासून पारशी हस्तकलांची नोंद ठेवण्याचं जे काम चालवलंय त्याचं महत्त्व मला इथं जाणवतं. तयार वस्तूची काच भरता येते, पण प्रक्रिया काचेत मावत नाही. ती एकामागून एक येणाऱ्या पानांवरच उलगडते. सूत काढणं, ताणा लावणं, विणणं, कापणं, उलटवणं, गोंडे.

आता जरा अवघड भागाकडे. हे चिनी रेशीम मुंबईत आलं कसं? हिरजी जीवणजी रेडीमनी हा पारशी व्यापारी १७५६ साली चीनला गेला, आणि त्याच्यामागून घराणीच्या घराणी गेली. पश्चिम भारतातला कापूस तिकडे जायचा, आणि पुढे कापसाहून जास्त पैसा अफूनं दिला. जमशेटजी जीजीभाईंनी चीनच्या पाच सफरी केल्या. जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकारानं त्यांचं एका चिनी सेवकासह चित्र रंगवलं. कँटनमध्ये लामक्वासारखे चिनी चित्रकार पारशी शेटजींची तैलचित्रं काढून देत, पगडी, झगा, मागे नदी आणि जहाजं. ही चित्रं कॅटलॉगात पाहायला फार देखणी आहेत. पण त्यांच्या खालच्या नोंदीत अफूचा शब्द आहे की नाही, हे मी आधी बघतो. ज्या व्यापारानं चीनमध्ये घरं उद्ध्वस्त केली, त्याच व्यापाराच्या परतीच्या जहाजातून गारे आले. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिणारा संपादक मला विश्वासाचा वाटतो. आमच्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते जखमी सैनिकांवर उपचार करायला, आणि तिथंच त्यांनी देह ठेवला. या गावच्या वाचकाला चीनचं दुःख परकं वाटण्याचं कारण नाही.

त्याच पैशाची पुढची वाट आणखी चकित करते. जमशेटजींनी दिलेल्या लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच आजची जे. जे. तिथं शिकलेले पेस्तनजी बोमनजी १८७० च्या दशकात जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याला गेले आणि इतर विद्यार्थ्यांबरोबर तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करू लागले. १८७२ ते १८८५ असं हे काम चाललं. खरं तर ते करावं लागलं, कारण आधी रॉबर्ट गिल या चित्रकारानं कित्येक वर्षं खपून केलेल्या प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या होत्या. आणि मग १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमधल्या संग्रहालयाला आग लागली, आणि नव्या प्रतींपैकीही कितीतरी गेल्या. ग्रिफिथ्सनं १८९६-९७ मध्ये दोन मोठ्या खंडांत ती चित्रं छापून काढली. मूळ भिंती काळवंडत गेल्या, प्रती दोनदा जळाल्या, छापील पानं उरली. पेस्तनजींची स्वतःची चित्रं पुढे ‘नो पारसी इज अॅन आयलंड’मध्ये पिठावाला, जहांगीर साबावाला, आदी दावियरवाला, पिलू पोचखानवाला, गीव्ह पटेल यांच्या सोबत आली. दीडशे वर्षांचा तो पट एका ग्रंथात उलटताना पहिल्या टोकाला अजिंठ्याच्या अंधारात कंदील घेऊन बसलेला हा तरुण असतो, याचं मला फार अप्रूप आहे.

पारशी मंडळींना छापील अक्षराची ही ओढ आधीपासून होती. फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ साली मुंबईत गुजराती छापखाना काढला आणि १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ सुरू केला. तो आजही निघतो.

चांगला कॅटलॉग आपल्या लाडक्या समजुतींनाही धक्का देतो. २०१३ च्या डिसेंबरात सायरस सिलिंडर मुंबईला आला आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात राहिला. वीतभर लांबीचा भाजक्या मातीचा तो दंडगोल १८७९ साली बॅबिलोनमध्ये सापडला. त्याच्यावर खिळ्यांसारख्या बाबिली लिपीत कुरुश म्हणजे सायरस राजाचा इसवी सनपूर्व ५३९ मधला विजय लिहिला आहे. कुरुश हा पारशी समाजाला आपला वाटतो आणि ते स्वाभाविक आहे. पण लेखात ज्या देवाचं नाव घेतलं आहे तो बॅबिलोनचा मार्दुक, झरथुष्ट्री देव अहुर मझ्द नव्हे. मजकूर असा पुढे ठेवला की राजा लहान होत नाही, उलट त्याच्या कारभाराची जात कळते. जिंकलेल्या शहराशी तो त्या शहराच्या देवाच्या नावानं बोलतो. आणखी एक, हा लेख एकट्या दंडगोलापुरता होता अशी समजूत २००९-१० पर्यंत होती. मग ब्रिटिश म्युझियमच्याच साठ्यात मातीच्या पाटीचे दोन तुकडे ओळखले गेले, आणि त्यांच्यावर हाच मजकूर निघाला. म्हणजे हा जाहीरनामा नकलून पाठवला जात होता. शंभरेक वर्षं कपाटातच पडून असलेले हे तुकडे ओळखू आले, कारण त्यांना दाखल क्रमांक होते आणि त्यांची नोंद होती.

एका बाबतीत मात्र या ग्रंथांकडे माझी मागणी आहे. कापडाच्या बहुतेक नोंदी ‘रेशीम, भरतकाम’ एवढ्या दोन शब्दांत कापड संपवतात आणि मग बगळ्याचा अर्थ, शेवंतीचा अर्थ यांच्यावर परिच्छेद लिहितात. भरतकाम करणारा हात चीनचा आणि नेसणारी बाई मुंबईची, हे कळतं. पण जमीन कोणी विणली? पन्हा किती, किनार कशी सोडली, इंचाला ताण्याचे धागे किती, पीळ उजवा की डावा, बाण्यात धोटा कुठं बदललाय? हे आकडे असले तर दोन गारे एकाच मागावरचे आहेत का, ते सांगता येईल. नक्षी नकलता येते, मागाची सवय नकलता येत नाही. त्यातून हेही ठरवता येईल की अमुक काठ मूळच्या वस्त्राचाच आहे की जुन्या गाऱ्याचा उतरवून नव्या कापडाला लावलेला, कारण पारशी घरांत जपून ठेवलेली कोर, म्हणजे काठ, अशी नव्या साडीवर चढवायची रीत होतीच. अशा ग्रंथाच्या संपादक मंडळात कलेचे अभ्यासक असतात, धर्माचे असतात, लिपी वाचणारे असतात. त्यांच्या शेजारी साखर पेठेतला किंवा अशोक चौकातला एखादा जुना पद्मशाली विणकर त्याच्या भिंगासकट बसवावा, आणि प्रत्येक कापडाच्या नोंदीत त्यानं मोजलेली ओळ छापावी.